फिरंग्यांचे ‘अर्गनून’ आणि मराठी मुलूख

माहूरगडी श्रीरेणुकेच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूच्या कानी जे नाद पडतात ते सारे त्याच्या ओळखीचे असतात. गोंधळ्याचे संबळ, तुणतुणे, झांजा, देवळातील घंटा यांखेरीज तेथे दुसऱ्या कोणत्या वाद्याची अपेक्षा कोणी करीत नाही; आणि फिरंगी वाद्याची तर नाहीच. तथापि एक योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. अबुल फज्ल याने आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांची जी यादी दिली आहे तीत माहूर हे एक सरकार म्हणून नमूद आहे. त्याच ग्रंथकाराच्या अकबरनाम्यात, गोव्याहून बादशहाच्या दरबारी आलेल्या ‘अर्गनून’ नामक वाद्याचाही उल्लेख सापडतो. माहूरच्या महालांचा वसूल आणि फिरंग्यांच्या देवळातील वाद्य या दोहोंची दखल एकाच लेखणीने घेतली, यावरून हे वाद्य आपल्या मुलखाच्या शेजारून गेले होते एवढे खास ठरते. मग ते येथे उतरले का नाही, हा प्रश्न उरतो. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

हा प्रश्न अधिक नेमका करण्यास घंटेची तुलना उपयोगी पडते. कॅथॉलिक देवालयात नाद करणारी मोठी साधने दोन. एक मनोऱ्यातील घंटा, दुसरे गायकांच्या सज्जातील ऑर्गन. यांपैकी पहिले साधन मराठ्यांच्या देवळांत आले, टांगले गेले, आणि आजही वाजते आहे. दुसरे आले नाही. दोन्ही वस्तू एकाच इमारतीतील, एकाच धर्मविधीच्या. असे असता एकीचा स्वीकार व्हावा आणि दुसरीचा होऊ नये, याला काही कारण असले पाहिजे.

प्रथम वाद्याचे स्वरूप सांगणे अवश्य आहे. कारण ‘ऑर्गन’ म्हणताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नाटकगृहातील पायपेटी उभी राहते, आणि ते वाद्य वेगळे. देवालयातील जुना ऑर्गन हा नळ्यांचा असतो. मागील बाजूस भाते. भात्यांतून वारा एका बंद लाकडी पेटीत साठतो. पेटीच्या माथ्यावर लहानमोठ्या नळ्या ओळीने उभ्या असतात. वादकाने पट्टी दाबली की तिला जोडलेली झडप उघडून त्या नळीत वारा शिरतो व ती बासरीसारखी बोलते. नळी जितकी लांब तितका स्वर खालचा. नळ्या काही लाकडाच्या, काही कथील व शिसे यांच्या मिश्रधातूच्या. भाते व झडपा कातड्याने मढविलेल्या. प्रत्येक नळीचा स्वर एकच व कायमचा. दोन स्वरांमधील जागा तीतून निघत नाही. या वाद्याचे मूळ ग्रीक लोकांत असून इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथील क्टेसिबिअस याने पाण्याच्या दाबावर चालणारा ऑर्गन रचिला. इ. स. ७५७ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाने फ्रँक लोकांचा राजा पेपिन यास असे एक वाद्य नजर केले. म्हणजे, जे पुढे देवालयाचे वाद्य झाले ते पश्चिमेतही प्रथम दरबारी नवलाची वस्तू म्हणूनच वावरले. फारसी ‘अर्गनून’ हा शब्द त्याच ग्रीक नावाचे रूपांतर होय.

हिंदुस्थानात पोर्तुगीजांचा पाय पडला तेव्हापासून हे वादक त्यांच्याबरोबर आहेत. इ. स. १५०० मध्ये काब्राल याच्या आरमारातून जे फ्रान्सिस्कन साधू आले त्यांत एकजण ऑर्गनवादक होता. इ. स. १५१० मध्ये गोवा हस्तगत झाल्यावर देवालये उभी राहिली. त्यांना लागून गावोगाव ज्या शाळा निघाल्या त्यांत अक्षरओळख व धर्मपाठ यांबरोबर गायन व वादनही शिकवीत. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत पाश्चात्त्य संगीताची जी परंपरा दिसते तिचा उगम या शाळांत आहे.

याच गोव्याकडे अकबराने इ. स. १५७५ च्या सुमारास हाजी हबीबुल्ला यास धाडिले. बरोबर द्रव्य व कारागीर दिले, आणि तेथील दुर्मीळ वस्तू आणाव्या व कसब शिकून यावे असा हुकूम केला. इ. स. १५७७ मध्ये तो परतला, त्या प्रसंगाचे वर्णन अबुल फज्ल करितो. फिरंगी वेषातील माणसे, त्यांची वाद्ये, आणि त्यांत अर्गनून. दुसरा साक्षीदार अब्दुल कादिर बदायुनी. त्याने मुन्तखब-उत्-तवारीख या ग्रंथात हिजरी ९८८ म्हणजे इ. स. १५८०–८१ या सालाखाली, हबीबुल्लाने आणिलेला अर्गनून लोकांना दाखविण्यात आल्याचे लिहिले आहे. या दोन नोंदींत तीन वर्षांचे अंतर पडते, पण आमच्या मते त्यांत खरा विरोध नाही. अबुल फज्ल हबीबुल्लाच्या आगमनाची हकीकत देतो, बदायुनी प्रदर्शनाची. शिवाय इ. स. १५८० च्या आरंभी आक्वाव्हिवा, मोन्सेरात इत्यादी जेझुइट पाद्री फत्तेपुरास पोहोचले होते. त्या सुमारास फिरंगी वस्तूंचे कौतुक दरबारात वाढले असल्यास नवल नाही.

बदायुनीचे वर्णन मात्र मोठे उद्बोधक आहे. त्याच्या लेखी हे वाद्य पुरुषभर उंचीच्या पेटीसारखे असून एक फिरंगी आत बसून तारा वाजवितो, बाहेर दोघेजण मोराच्या पाच पंखांना बोटे लावीत राहतात, व त्यातून नाना प्रकारचे ध्वनी निघतात. आता नळ्यांच्या ऑर्गनाला तार नसते. मोराचे पंखही नसतात. मग हे काय? आमचे अनुमान असे की, हा लेखक बनावट सांगत नसून अपरिचित वस्तूचे वर्णन परिचित शब्दांनी करीत आहे. वाद्य म्हटले की तार, हा त्याचा अनुभव. मोराचे पंख म्हणजे बहुधा घड्यांचे भाते. भाता उघडताना त्याच्या घड्या पिसाऱ्याप्रमाणे पसरतात व मिटताना एकावर एक बसतात. वादक एक व भाते चालविणारे निराळे, ही गोष्ट ऑर्गनाच्या रचनेशी जुळते. फक्त कोण आत व कोण बाहेर यांत पाहणाऱ्याची गफलत झालेली दिसते. जुन्या कागदांत अपरिचित यंत्राचे वर्णन आले म्हणजे ते असंबद्ध म्हणून टाकून न देता, पाहणाराला आधी काय ठाऊक होते याचा विचार करावा, हा धडा या एका उताऱ्यापासून घेण्यासारखा आहे.

परंतु मुख्य गोष्ट ही की, दरबारात हे वाद्य तमाशा म्हणून आले. बदायुनीच्या लिहिण्यात आश्चर्य आहे, उपहासही आहे. त्या वाद्यावर कोणी शिष्य तयार झाला असे त्यात नाही. दोन शतकांनंतरही हाच प्रकार दिसतो. इ. स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले तेव्हा टिपू सुलतानाच्या संग्रहातून एक लाकडी वाघ इंग्रजांच्या हाती लागला. वाघ गोऱ्या शिपायाच्या उरावर बसलेला असून त्याच्या पोटात अठरा पट्ट्यांचा लहानसा नळ्यांचा ऑर्गन बसविलेला आहे. ती वस्तू सध्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. अकबराच्या दरबारी जे आश्चर्य ते टिपूच्या दरबारी शत्रूवरील विनोद झाले. उपयोग बदलला, परंतु वाद्य खेळण्याच्या पदवीवरून वर चढले नाही.

आता घंटांकडे वळू. इ. स. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली, आणि उत्तर कोकणातील फिरंग्यांचे राज्य संपले. वसईच्या कोटात जेझुइट, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांची मोठमोठी देवालये होती. त्यांच्या भिंती अद्याप उभ्या आहेत. या मोहिमेतील विजयचिन्हे म्हणून घंटा घाटावर आल्या व देवस्थानांस अर्पण झाल्या, अशी परंपरा सर्वत्र सांगतात. भीमाशंकर येथे शनिमंदिरापुढे टांगलेल्या घंटेवर १७२९ हे साल आहे. वाईजवळ मेणवलीस नाना फडणिसांच्या वाड्यामागील घाटावरील घंटेवर १७०७ हे साल असून मेरी व बाळ येशू यांची आकृती आहे. नाशिकला गोदातीरी इ. स. १७४७ मध्ये बांधलेल्या नारोशंकराच्या देवळावरील घंटेवर १७२१ साल आहे; आणि ‘नारोशंकराची घंटा’ हा तर त्या गावी बोलण्यातला वाक्प्रचारच होऊन बसला आहे. पाली येथील बल्लाळेश्वराच्या देवळातही अशी घंटा आहे.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. घंटेवर कोरलेले साल हे ती ओतल्याचे साल; ती मिळाल्याचे किंवा अर्पण केल्याचे नव्हे. वरील तिन्ही साले १७३९ च्या पूर्वीची असल्यामुळे ती परंपरेस बाधक नाहीत एवढेच त्यांवरून सिद्ध होते. अमुक घंटा अमुक देवालयातील असे ठरविण्यास लेखाचे ठसे घेऊन अक्षरे, क्रूस व नक्षी यांची तुलना केली पाहिजे. तसेच मराठ्यांचे ख्रिस्ती देवालयांविषयीचे धोरण एवढ्या घंटांवरून ठरविणे अन्यायाचे होईल. पुण्यात, पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या ख्रिस्ती लोकांसाठी सवाई माधवरावांनी दिलेल्या जागेवर इ. स. १७९२ मध्ये कॅथॉलिक देवालयाची स्थापना झाली, हीही गोष्ट त्याच शतकातली आहे.

घंटा आली व ऑर्गन का आला नाही, याचे पहिले कारण वस्तूच्या जातीत आहे. घंटा हे एकसंध ओतीव काम. ती उतरवावी, हत्तीवर किंवा गाड्यावर घालावी, आणि दुसऱ्या तुळईला टांगावी. तिचा नाद बदलत नाही. तिला गुरू लागत नाही. लहान मूलही ती वाजविते. ऑर्गनाची गोष्ट उलट. त्याच्या शेकडो नळ्या, झडपा व दांड्या सुट्या केल्या की तो जाणकाराच्या हातावाचून पुन्हा उभा राहात नाही. उभा राहिला तरी तो स्वरात ठेवणारा माणूस पाहिजे. कोकणच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, कातडे कुजते, व उरलेसुरले वाळवी खाते. दुसरे कारण असे की, देवळात घंटेची जागा पूर्वीच तयार होती. देवापुढे घंटानाद करण्याची आपली रीत जुनी. फिरंगी घंटेवर क्रूस असला तरी तिचे काम तेच राहिले. ऑर्गनासाठी मात्र आपल्या उपासनेत रिकामी जागा नव्हती. आरती, कीर्तन, गोंधळ यांत गळ्याच्या मागे वाद्य चालते; गळा जिथे मींड घेतो तिथे वाद्यानेही वाकले पाहिजे. स्थिर स्वरांच्या नळ्यांना ते साधण्यासारखे नव्हते.

केवळ धातू म्हणून घंटा टिकते याचा दाखला गोव्यातच आहे, आणि तेथे मराठ्यांचा संबंध नाही. इ. स. १८३५ मध्ये गोव्यातील ख्रिस्ती साधूंचे पंथ सरकारी हुकुमाने मोडले गेले, त्यांचे मठ ओस पडले. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचे प्रचंड देवालय असेच सोडून दिले गेले, इ. स. १८४२ मध्ये त्याची कमान कोसळली, व १९३१ मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा हिस्सा पडला. परंतु त्या मनोऱ्यातील घंटा आधीच काढून आग्वादच्या दीपगृहात नेली होती, आणि इ. स. १८७१ मध्ये ती पणजीच्या देवालयात टांगली गेली. ती तेथे आजही आहे. देवालय गेले, साधू गेले, सज्जातील गायन थांबले; घंटा राहिली. जिंकणारा परका असो वा स्वतःचे सरकार असो, उचलली जाते ती घंटाच.

पण टिकण्याची दुसरीही एक रीत आहे, आणि ती हस्तलिखितांच्या संग्राहकांस विशेष ठाऊक असावी. फादर थॉमस स्टीफन्स याने साष्टीत राहून मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचिले. ते इ. स. १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले, पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले. या तीन छापांपैकी एकाही छापाची प्रत उपलब्ध नाही. तरी ग्रंथ नष्ट झाला नाही. कारण लोक तो गाऊन वाचीत, उतरून घेत, आणि उतरलेला पुढच्या पिढीस देत. त्या हस्तलिखितांच्या आधारेच इ. स. १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची आवृत्ती निघाली. देवनागरी लिपीतील एक प्रत मार्स्डेन याच्या संग्रहातून लंडनला पोहोचली आहे. यंत्रावर छापलेले गेले आणि हाताने लिहिलेले राहिले. म्हणजे वस्तू टिकते ती एक तर धातूच्या बळावर, नाही तर लोकांनी ती आपल्या हाती घेतल्यामुळे. घंटेला पहिले बळ होते, ख्रिस्तपुराणाला दुसरे. नळ्यांच्या ऑर्गनाला दोन्ही नव्हती.

या दृष्टीने तंजावरचे उदाहरण पाहावे. सरफोजी राजे यांनी (राज्यकाल इ. स. १७९८–१८३२) पाश्चात्त्य वाद्ये बाळगिली, वाद्यवृंद ठेविला, आणि त्या संगीताची स्वरलिपीची पुस्तके सरस्वती महाल ग्रंथालयात जमविली. मराठी राजाने फिरंगी संगीत तमाशा म्हणून न पाहता विद्या म्हणून पाहिले, असा हा प्रसंग होय. वाद्य आणणे एक, आणि त्याचे लेखन, शिक्षण व वादक यांची तजवीज करणे निराळे, हे त्या राजाने ओळखिले होते. अशी तजवीज जेथे नाही तेथे मोठे वाद्य एका पिढीपलीकडे जात नाही.

अखेर ऑर्गन मराठी मुलखात आला, पण दुसऱ्या रूपाने व दुसऱ्या वाटेने. इ. स. १८४२ मध्ये पॅरिस येथे आलेक्सांद्र दबँ याने हार्मोनियमचा मक्ता घेतला. यात नळ्या नाहीत. पितळेच्या पातळ जिव्हा वाऱ्याने थरथरून बोलतात. त्याच कुळातला, पायाने भाता चालवावयाचा व वारा बाहेर फेकण्याऐवजी आत ओढून घेणारा प्रकार अमेरिकेत निघाला. त्यासही ऑर्गन हेच नाव पडले. ज्या देवालयांना नळ्यांचा ऑर्गन परवडत नसे त्यांना हे स्वस्त वाद्य सोयीचे झाले. कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात हार्मोनियमला हाताने चालविण्याचा भाता जोडून ती मांडी घालून बसणाऱ्या वादकाजोगी केली. इकडे इ. स. १८८० च्या ३१ ऑक्टोबरास पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे शाकुंतल रंगभूमीवर आले, व संगीत नाटकाचे युग सुरू झाले. पुढे पायपेटी व ऑर्गन हे त्या रंगभूमीचे अंगच बनले. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी पेटीला मराठी गळ्याची चाल शिकविली. गोव्याच्या देवालयातून जे वाद्य घाट चढले नाही त्याचे धाकटे भावंड नाटकमंडळ्यांच्या सामानाबरोबर गावोगाव फिरले.

तथापि जुना आक्षेप संपला नव्हता. स्थिर बारा स्वरांत श्रुती व मींड मावत नाहीत, या कारणाने इ. स. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला मज्जाव केला, आणि तो १९७१ पर्यंत चालला. चारशे वर्षांपूर्वी नळ्यांच्या ऑर्गनास जी अडचण आड आली असावी तीच येथे पुन्हा बोलून दाखविली गेली. फरक एवढाच की, या वेळी वाद्य लोकांच्या हाती गेलेले होते. म्हणून मज्जावानेही ते हटले नाही.

या इतिहासावरून कागद तपासणाऱ्यांसाठी एक व्यवहारी नियम निघतो. दप्तरात, रोजनाम्यात किंवा प्रवासवृत्तात ‘अर्गन’, ‘आर्गन’ असा शब्द आला तर प्रथम साल पाहावे. १८४२ पूर्वीचा उल्लेख बहुतकरून नळ्यांच्या वाद्याचा, मग ते मोठे असो की किल्लीने अथवा दांड्याने चालणारे लहान असो. १८८० नंतरचा, विशेषतः नाटकमंडळीच्या हिशेबातला, जवळजवळ निश्चित पायपेटीच्या कुळातला. नाव एक असल्यामुळे दोन निराळ्या वाद्यांची गल्लत करणे सोपे आहे.

आणि याहून मोठी सूचना अशी. आज वसईच्या भिंती, भीमाशंकरची घंटा व मेणवलीची घंटा एवढेच पाहणारास वाटेल की, फिरंग्यांच्या देवालयांत घंटानादाखेरीज काही नव्हते. जे टिकले तेवढेच होते असे मानण्याचा मोह संशोधकास नेहमी पडतो. वास्तविक त्या भिंतींच्या आत जे गायिले व वाजविले गेले ते लाकूड, कातडे, कागद व माणसाचा हात यांवर अवलंबून होते. आणि हे चारही नाशिवंत. आपल्या देवस्थानांची स्थिती याहून वेगळी नाही. माहूरच्या घंटा पुढील शतकात राहतील यात शंका नाही. परंतु गोंधळ्याच्या संबळाची चामडी, त्याच्या घराण्यातील पदांच्या वह्या, चौघड्याचे वाजविण्याचे क्रम, नाटकमंडळ्यांच्या सामानाच्या याद्या व पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचे ठोकताळे राहतील की नाही हे आपल्या आजच्या उद्योगावर आहे. घंटांचे ठसे अवश्य घ्यावे. पण ठसे घेणाराने देवळाच्या पायऱ्या उतरताना शेजारच्या गोंधळ्याच्या घरीही डोकावावे, आणि तेथील वही उतरून घ्यावी. धातू आपली काळजी आपण घेते. वहीस आपली गरज आहे.